नेपती आणि आबासाहेबांची कुंडी

ग्वाल्हेरहून येऊन पंधरा दिवस झाले. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, "काय काय पाहिलं?" मी "किल्ला" म्हणते. त्यांचं समाधान होतं. किल्ला मी गाडीच्या काचेतून पाहिला, अण्णांच्या खांद्यावरून जेवढा दिसला तेवढा. खरं म्हणजे मी तिथे एक झुडूप पाहायला गेले होते. पण चारचौघींत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि "झुडूप पाहिलं" असं सांगितलं की पुढचं सगळंच सांगावं लागेल. म्हणून सायलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका असतील. वाचणारं कोणी नाही, तेव्हा चुकांचा कोणाला त्रासही नाही.

सायली ही माझ्या धाकट्या भावाची, सुभाषची मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिच्याच ऑफिसात विक्रांत. तो ग्वाल्हेरचा, पण घर मराठी. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून फौजेबरोबर गेले आणि तिथेच राहिले. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मग आम्हाला विचारलं. हल्ली अशी पद्धत आहे. बैठक त्यांच्या घरी ठरली. सगळं जुळलं तर तिथेच साखरपुडा करायचा. वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिच्या जागी मी. आत्याचा मान मोठा असतो. म्हणजे दशम्यांची पिशवी तिच्याकडे असते.

सुभाष, सायली आणि मी असे तिघे, आणि चौथे आमचे चुलतभाऊ अण्णा. अण्णांना सगळं माहीत असतं, आणि जे नसतं ते त्यांच्या फोनला माहीत असतं.

लष्करात

ग्वाल्हेरच्या ज्या भागात सगळं गजबजलेलं आहे त्याला लष्कर म्हणतात. लष्करातले शिपाई आता दिसत नाहीत, टेंपोवाले दिसतात. चढाई तशीच करतात. महाराज बाड्याशी आमची रिक्षा पाऊण तास उभी होती. तेवढ्यात अण्णांनी त्या चौकाचा इतिहास फोनवरून वाचून दाखवला आणि रिक्षावाल्याने तो सगळा चूक असल्याचं सांगितलं.

विक्रांतचं घर नई सडकेच्या आतल्या गल्लीत, तीन मजली, नवंकोरं. खाली मोबाइलचं दुकान. वर दिवाणखान्यात भिंतीवर तलवार आणि तलवारीखाली इंटरनेटचा डबा, हिरवे दिवे लुकलुकणारा. घरात शब्द चालतो तो विक्रांतच्या आजोबांचा, आबासाहेबांचा. वय त्र्याऐंशी. विक्रांतचे वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी होते. असते तरी बैठकीत त्यांचा उपयोग चहा आणण्यापुरताच झाला असता, असं त्यांची बायको सरोजताई स्वतःच म्हणाल्या.

"या, या, बसून घ्या," आबासाहेब म्हणाले. "सफर कशी झाली? थकून गेला असाल."

त्यांची मराठी अशी. शब्द आपले, चाल हिंदीची. ऐकायला गोड लागते. सुभाषने तर तासाभरात तशीच बोलायला सुरुवात केली. "हो, थकून गेलो, पण ठीक आहे, बिलकुल ठीक आहे." मी पदराआड हसले.

सकाळी पोहे केले होते, आणि त्यांच्याबरोबर जिलबी. आपल्याकडे पोह्यांत लिंबू पिळतात, तिथे पोह्यांचा आणि जिलबीचा एकच घास करतात. मी दोन्ही वेगवेगळं खाल्लं. सरोजताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी भात आणि आमटी वेगवेगळ्या दिवशी खाते.

दुपारी पुरी-भाजीबरोबर एक लोणचं वाढलं. बोराहून लहान हिरव्या गोळ्या, मोहरीत माखलेल्या. दाताखाली फुटली की आधी कडू, मग तिखट. मी थबकलेच. ही चव मी पन्नास वर्षांपूर्वी सोडून आले होते.

"हे कशाचं?" मी सरोजताईंना हळूच विचारलं.

"टेंटी. करीलला लागते ना, ती. आमच्या इकडे सगळे खातात. तुमच्याला कडू लागली का?"

"नाही," मी म्हटलं आणि तीन खाल्ल्या. आमच्यातल्या बाकी कोणी हात लावला नाही. अण्णांनी तिचा फक्त फोटो काढला.

बैठक

दुसऱ्या दिवशी सगळे दिवाणखान्यात बसले. आबासाहेबांनी चष्मा लावला. गोत्र झालं, कुळ झालं, आजोळ झालं. मग त्यांनी विचारलं, "देवक?"

ज्यांच्या घरी हे नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येक कुळाचं एक झाड ठरलेलं असतं. कोणाचा कळंब, कोणाचा उंबर. लग्नाच्या आधी त्याची डहाळी आणून मांडवात बसवतात, पूजा करतात, मगच हळद. आणि ज्यांचं देवक एक, ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

"नेपती," सुभाष ताठ बसून म्हणाला. सुभाषने नेपती जन्मात पाहिलेली नाही. त्याच्या लग्नात मंगल कार्यालयवाल्यांनी थर्माकोलच्या कलशात आंब्याचा टाळा खोचून दिला होता आणि आम्ही सगळे त्याच्या पाया पडलो होतो.

"आमचं करील," आबासाहेब म्हणाले.

"म्हणजे वेगळं. झालं तर मग!"

मी कप खाली ठेवला. आदल्या दुपारची ती कडू टेंटी मला आठवली; सरोजताई तिला करीलचं फळ म्हणाल्या होत्या. नेपतीलाच लागतात ती फळं.

मी गप्पच राहिले असते. गप्प राहणं ही एकच गोष्ट मला चांगली येते. पण अण्णांनी फोन काढला. "एक मिनिट. कन्फर्म करून घेऊ." नेपती घातल्यावर फोनने नगरजवळचं एक गाव आणि तिथला कांदा दाखवला. करील घातल्यावर लोणच्याची कृती आली. अण्णांची शंका वाढली.

"एकच निघालं तर?" ते म्हणाले. चांगल्या कामात असा प्रश्न विचारायला माणूस मुद्दाम पुण्याहून न्यावा लागतो.

आबासाहेबांनी चष्मा काढला. "मग नाही होणार. मुलगी लाख आहे, पण माझ्या हाताने मी भावाबहिणीचं लग्न लावून राहिलो असं नाही होणार. माफ करा."

सायलीचा चेहरा पडला. विक्रांत म्हणाला, "आबा, इतनी सी बात पे..." आणि आबासाहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तर तोही थांबला.

"आक्काला ठाऊक आहे नेपती," सुभाष म्हणाला. "चौथीनंतर आक्का शेळ्याच राखायची."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. सगळी बैठक माझ्या पायांकडे पाहू लागली, जणू शेळ्या अजून तिथेच असतील.

आबासाहेब आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. तिथे सिमेंटची एक कुंडी, तिला हळदकुंकू वाहिलेलं. "हे पाहा करील. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. माळ्याने आणून दिलेलं. दर लग्नात याचीच डहाळी जाते."

मी पाहिलं. जाड राखाडी खोड, त्यावर सगळीकडे काटे, शेंड्याला चार-पाच पानं आणि लाल चिमुकली फुलं, दोन-दोन पाकळ्यांची. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या दारात अशा सहा कुंड्या आहेत. नर्सरीत रांगेने ठेवलेलं असतं. मला इतकं हायसं वाटलं की मी आपण होऊन बोलले.

"ही नेपती नाही."

विक्रांतने सायलीकडे पाहिलं. सुभाषने मला नमस्कारच केला. सगळं तिथेच मिटलं असतं. पण अण्णांनी कुंडीचा फोटो काढला होता.

"फोन म्हणतो हे झाड मादागास्करचं आहे."

"मग?" आबासाहेब म्हणाले. "आमचे पूर्वज कुठे कुठे लढायला गेले, तुमच्याला काय पता?"

"पण करील इथलं रानटी झुडूप आहे, असं लिहिलंय."

"आबा, असली वाला तो सिंध नदी के किनारे है ना," विक्रांत मदतीच्या भावनेने म्हणाला. "आपल्या जुन्या जमिनीत, देवीच्या ठाण्यावर. आत्याला तेच दाखवू. मामला खत्म."

हुशार मुलगा. पुण्यात कंपनी त्याला उगीच ठेवत नाही.

"जाऊन या," आबासाहेब तोऱ्यात म्हणाले. "जे तिथे आहे तेच इथे आहे. पाहून घ्या."

सिंधच्या काठी

आम्ही पाच जण बोलेरोतून निघालो. शहर संपलं, दगडाच्या खाणी संपल्या, मग लांबच लांब भुरी जमीन. होळी नुकती झाली होती, तरी ऊन आपल्या वैशाखासारखं. नदीकडे वळल्यावर रस्ता नावापुरता उरला आणि पुढे नावालाही नाही. नुसती वाळू. तिच्यात बाभळी, खैर, मधूनच खुरटे पळस. सावली बेताची. माझं माहेर असंच आहे, फक्त तिथे वाळूऐवजी मुरूम.

बोलेरो रुतली. विक्रांतने आणि सुभाषने ढकलली, सायलीने चाकाखाली फांद्या घातल्या, मी हाताने वाळू उपसली. अण्णांनी सावलीत उभं राहून "अजून थोडं" म्हटलं. गाडी सुटली तेव्हा ते एवढे दमले होते की आधी पाणी त्यांना द्यावं लागलं.

ठाणं म्हणजे शेंदूर लावलेले चार दगड. आणि त्यांच्या मागे ती उभी होती.

कोणी मला विचारायच्या आधीच मी ओळखली. पान एक नाही. हिरव्या काड्यांचा असा गुंता की वारासुद्धा आत जाऊन अडकावा. काड्यांवर जोडीजोडीने वाकडे काटे. आणि सगळ्या गुंत्यावर विटेच्या रंगाची फुलं, लांब तुऱ्यांची, इतकी की झुडूप पेटल्यासारखं दिसत होतं. खाली हिरवी फळं धरू लागली होती. बाकी रान वाळून गेलेलं आणि हिला मात्र आत्ताच नटायचं होतं. तिची सवयच ती. शेळ्या आत मान घालायच्या, मी काढायला जायची आणि झगा फाडून घ्यायची. त्यावरून खाल्लेला मार सगळा आठवला.

जवळच एक म्हातारी शेळ्या चारत होती. विक्रांतने तिला विचारलं, "अम्मा, ये क्या है?"

"जे करील है, और का," ती म्हणाली. "टेंटी नईं खाई कभऊँ?" एवढा मोठा बाप्या करील ओळखत नाही याचं तिला हसू येत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने विचारलं, तुला माहीत आहे ना? मी मान हलवली. मी एक फळ चिमटीत धरून तोंड कडू केलं, तिने मीठ लावल्याची खूण केली. ग्वाल्हेरात माझं सगळ्यात लांब संभाषण हेच झालं.

अण्णा आणि सुभाष नदी पाहायला गेले. सायली माझ्याजवळ आली. तिने माझा चेहरा वाचला होता.

"आत्या, हीच आहे ना नेपती?"

मी काट्यात अडकलेला पदर सोडवू लागले.

"तू नाही म्हण ना. एवढंच. दोन शब्द."

"सायली..."

"तू तर कधीच काही बोलत नाहीस. बाबा काहीही बोलले तरी नाही, लोक काहीही म्हणाले तरी नाही. आजच बोलणार आहेस का?"

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

विक्रांत तिच्या मागे उभा होता. "आत्या, आप टेन्शन मत लो. हम लोग कोर्ट मध्ये करून घेऊ. फक्त आबा येणार नाहीत. मग माझ्याशी बोलणार पण नाहीत." त्याने चपलेने वाळूत एक रेघ ओढली. "त्यांनी मला सायकल शिकवली आहे, आत्या. त्यांना सोडून लग्न करायचं म्हणजे... पता नाही."

मला दोघांची दया आली. पण त्या झुडपासमोर उभं राहून मला आमचे वडील दिसत होते. माझ्या लग्नाच्या दिवशी पहाटे ते एकटे माळावर गेले आणि नेपतीची डहाळी धुतलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. हात सगळे ओरबाडलेले. घरात आल्यावर त्यांनी ती आधी माझ्या डोक्याला लावली, मग खाली ठेवली. आमच्या घरात तेवढं एकच देवक खरं आलं, माझं. हिला मी "नाही" कशी म्हणणार होते?

मी एक डहाळी तोडली आणि पदरात घेतली. सायली परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. अण्णा बोलत होते.

पुन्हा लष्करात

दिवाणखान्यात आबासाहेब वाट पाहत बसले होते. मी डहाळी स्टुलावर ठेवली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि माझं तोंड नेहमीसारखं बंद होतं.

"बोला ताई," आबासाहेब म्हणाले. "काय आहे हे?"

"नेपती," मी म्हटलं. आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "ही नेपती आहे. तिथली म्हातारी हिलाच करील म्हणाली."

सुभाषने डोक्याला हात लावला. सायली उठून गॅलरीत गेली. विक्रांत उठला, पण तिच्यामागे जावं की आजोबांजवळ थांबावं हे त्याला कळेना. मधेच उभा राहिला.

आबासाहेब डहाळीवर वाकले. "म्हणजे एकच," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मुलगी त्यांना आवडली होती. "मग नाही होणार."

मी उठून जायला हवं होतं. मला विचारलेलं सांगून झालं होतं. पण एकदा तोंड उघडलं की ते मिटायचं कसं, याची मला सवय नाही.

"पण गच्चीवरचं ते हे नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"कुंडीतलं करील नाही. त्याची काडी मोडली की चीक येतो. पांढरा, दुधासारखा. हिला येत नाही." मी डहाळीची काडी मोडून दाखवली. कोरडी.

सरोजताई दारात उभ्या होत्या. त्या गच्चीवर गेल्या आणि कुंडीतली एक काडी तोडून घेऊन आल्या. चीक त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला होता. त्यांनी हात आबासाहेबांच्या पुढे धरला.

"आबा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मग माझ्या लग्नात आपण कोणाची पूजा केली?"

त्यांनी चिकाचा हात तसाच पुढे धरून ठेवला.

"आणि तुमच्या स्वतःच्या लग्नात?"

इंटरनेटच्या डब्यातले दिवे तेवढे लुकलुकत होते. मी शपथेवर सांगते, इतका पुढचा विचार करून मी बोलले नव्हते. थोडासा केला असेल.

आबासाहेबांनी घरातली सगळी लग्नं मनातल्या मनात पाहिली असावीत. स्वतःचं, मुलाचं, पुतण्यांचं. कुंडी खोटी धरली तर ती सगळी देवकाशिवाय झालेली. मग त्यांनी चष्मा लावला, माझी डहाळी दोन बोटांनी उचलली आणि बाजूला ठेवली.

"हे करील नाहीच," ते म्हणाले.

"आबा, अम्माने सांगितलं..." विक्रांत म्हणाला. मी सांगितलं ना, हुशार मुलगा.

"शेळ्या चारणाऱ्या बाईला काय पता? करील आमचं. आमच्याला माहीत नाही आणि तिला माहीत आहे? रानात काय काय उगवतं. खरं करील माझ्या वडिलांनी सांभाळून ठेवलं, कुंडीत." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, बुरा मानू नका. शाळा किती झाली तुमची?"

"चौथी."

"तेच ना!"

दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सुभाष म्हणाला, "आक्काचं काही मनावर घेऊ नका. तिला त्यातलं काही कळत नाही." गच्चीवर मात्र मीच एकटी जाणकार होते. सरोजताई हात धुवायला गेल्या. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

अण्णांनी तेवढ्यात माझ्या डहाळीवर फोन धरला होता. "आत्ता दूध का दूध करून टाकतो..."

सायली गॅलरीतून आत आली होती. "अण्णाकाका, तुमची बॅटरी संपत आलीये. द्या, लावते," म्हणत तिने फोन काढून घेतला आणि आत नेला. तो साखरपुडा होईपर्यंत चार्ज होत होता. अण्णा पहिल्यांदाच फोनशिवाय बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी समजल्यासारखं दिसायला लागलं. मला भीती वाटली की आता बोलतील. पण नाही बोलले. त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हापासून बरं झालं आहे.

साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. सराफ्यातून आणलेली अंगठी सायलीच्या बोटाला घट्ट झाली, साबण लावून घालावी लागली. नेपतीची डहाळी मी धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. तिला मी नेपतीच म्हटलं होतं, तेव्हा तिच्या पाया पडायला मला लाज वाटली नाही. कुंडीला काय म्हणायचं ते कुंडीवाल्यांनी ठरवलं.

निघताना आबासाहेबांनी मला गच्चीवर बोलावलं. जिना चढताना त्यांना धाप लागत होती, तरी आले. माझं अज्ञान घेऊन मला परत पाठवायचं त्यांच्या मनाला पटेना.

"ताई, हे नीट पाहून ठेवा," ते कुंडीजवळ बसून म्हणाले. "पान असं. काटा असा. फूल लाल. परत चूक नको व्हायला. मे महिन्यात लग्नाला तुम्ही येणार, तिथे चार लोक विचारतील. काय म्हणायचं याला?"

सायली आणि विक्रांत जिन्याच्या तोंडाशी उभे होते. सायलीने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते.

"करील," मी म्हटलं.

"शाबास." त्यांना खरंच आनंद झाला. "आता विसरणार तर नाही?"

"नाही आबासाहेब," मी म्हटलं. "जन्मात नाही."